इटलीच्या ग्रामीण भागातील लेखकांची प्रेमकथा पडद्यासाठी कशी लिहावी

दोन लेखक, एक जुने दगडी घर, समोर सायप्रसच्या झाडांची रांग आणि हाताशी एक मोकळा उन्हाळा, एवढ्या सामग्रीवर चित्रपट उभा राहील असे वाटणे साहजिक आहे. पटकथेला प्रत्यक्ष हात घातल्यावर मात्र दोन अडचणी लगेच समोर येतात. पहिली अशी की, लेखन ही क्रिया कॅमेऱ्यापुढे जवळजवळ अदृश्य असते: माणूस बसतो, थांबतो, एक ओळ खोडतो, उठून खिडकीपाशी जातो आणि परत येऊन बसतो, आणि यातले काहीच मिनिटभरापेक्षा जास्त पाहवत नाही. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. हा भूभाग इतका देखणा आहे की कथेने करायचे काम तो परस्पर उरकून टाकतो, आणि प्रेक्षकाला काहीतरी घडल्याचा भास होत असताना पात्रे जिथल्या तिथे उभी असतात. या प्रकारची पटकथा लिहिताना मी एकच कसोटी लावण्याचा सल्ला देईन: प्रेमाचा प्रत्येक टप्पा एकतर कागदावरच्या मजकुरामुळे पुढे सरकला पाहिजे, नाहीतर शेतातल्या किंवा घरातल्या एखाद्या कामामुळे. निव्वळ देखाव्यामुळे सरकत असेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा.

दोघे नेमके काय लिहीत आहेत?

पात्रांचे वय, भूतकाळ आणि स्वभाव ठरवण्याआधी त्यांच्या टेबलावर कोणता मजकूर आहे हे ठरवावे. दोघेही “कादंबरी लिहीत आहेत” एवढ्याने भागत नाही, कारण लेखनाचा प्रकार बदलला की दिवसाची ठेवण बदलते आणि दिवसाच्या ठेवणीतूनच दोन माणसे कधी आणि कुठे समोरासमोर येतील हे ठरते. कादंबरीकाराला रोजचे सलग तास लागतात आणि त्या तासांत दार वाजवणारी व्यक्ती त्याला शत्रू वाटते. कवी दिवसभर रिकामा दिसू शकतो, आणि त्याचा रिकामपणा शेजारच्या कष्टाळू गद्यलेखकाला सहन होत नाही. चरित्रकार दुसऱ्यांचे खण उघडत असतो. अनुवादकाला तर मूळ लेखकाला प्रश्न विचारावेच लागतात, आणि अमुक पात्राने तमुक ठिकाणी खोटे का सांगितले यासारखा तांत्रिक प्रश्नसुद्धा ऐकणाऱ्याला स्वतःबद्दल विचारल्यासारखा वाटू शकतो. संवादासाठी इतके सोयीचे नाते दुसरे नाही, आणि म्हणूनच ते वापरून गुळगुळीत झाले आहे हेही लक्षात ठेवावे.

प्रकार ठरला की दोन्ही पात्रांच्या हातची दोन-तीन पाने पटकथाकाराने स्वतः लिहून काढावीत. ही पाने पटकथेत जाणार नाहीत. प्रेक्षकाच्या कानावर त्यातली फार तर चार वाक्ये पडतील, पण ती चार वाक्ये दोन वेगळ्या माणसांची आहेत हे डोळे मिटूनही कळले पाहिजे. एकाची वाक्ये लांब आणि विशेषणांनी भरलेली असतील, तर दुसऱ्याच्या मजकुरात वस्तूंची नावे आणि क्रियापदे यांपलीकडे काही नसावे. इथे एक जुना खड्डा आहे. पात्र प्रतिभावंत असल्याचे सगळे सांगतात, मग ते पात्र आपला मजकूर वाचून दाखवते आणि तो अगदी सामान्य निघतो. यातून सुटण्याचा उपाय म्हणजे मजकूर कमीत कमी ऐकवावा आणि त्याचा परिणाम दाखवावा: वाचणारी व्यक्ती पान उलटायची थांबते, चहाचा कप तसाच राहतो, किंवा ती मागे जाऊन तोच परिच्छेद पुन्हा वाचते. दुसरा, अधिक धाडसी उपाय म्हणजे दोघांपैकी एकाला खरोखरच मध्यम दर्जाचा लेखक करावे आणि ते दोघांनाही ठाऊक असावे. प्रेम आणि आदर यांच्यातले हे अंतर एका संपूर्ण चित्रपटाला पुरते.

लेखकांच्या प्रेमात जे इतरांच्या प्रेमात नसते ते कोणते, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते मत्सरापेक्षा मोठी गोष्ट आहे ती वापराची. विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या पानावर सापडते, आणि तीही अशा सफाईने लिहिलेली असते की रागावताना कौतुकही वाटते. इटलीच्या साहित्यात याचे खरे दाखले आहेत. एल्सा मोरांते आणि आल्बेर्तो मोराव्हिया यांचा विवाह १९४१ मध्ये झाला. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोमचा ताबा घेतल्यावर अटक टाळण्यासाठी हे जोडपे दक्षिणेकडे निघाले आणि फोंदी गावाजवळच्या डोंगरात एका झोपडीत सुमारे नऊ महिने राहिले. हिवाळ्याचे कपडे आणण्यासाठी मोरांते मधल्या काळात एकट्या रोमला जाऊन परत आल्या. मोराव्हिया यांनी पुढे त्या दिवसांच्या आधाराने कादंबरी लिहिली, आणि मोरांते यांच्या युद्धावरील लेखनातही तो काळ उतरला. एकच झोपडी, एकच भूक आणि ती मांडण्याचा हक्क असलेले दोन लेखक: पटकथाकाराने या प्रश्नापाशी बराच वेळ थांबावे. दुसरा दाखला लेखिका सिबिल्ला आलेरामो आणि कवी दीनो काम्पाना यांचा. काम्पाना यांच्या कविता वाचून आलेरामो यांनी १९१६ च्या उन्हाळ्यात त्यांना पत्र लिहिले, फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लोच्या डोंगराळ भागात दोघे भेटले, आणि पाहता पाहता हे प्रेम हिंसा, पळापळ आणि आजारपणाच्या वाटेने गेले. काम्पाना १९१८ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाले आणि १९३२ मध्ये तिथेच वारले. वाचकाचे पत्र हीच जर सुरुवात असेल, तर त्या प्रेमात वाचलेला कवी आणि समोर आलेला माणूस असे दोघे पहिल्या दिवसापासून असतात, आणि कथानकाची निम्मी उभारणी तिथेच होऊन जाते.

प्रदेश आणि महिना एकत्रच निवडावेत

“टस्कनीतील एक गाव, उन्हाळा” अशी नोंद पटकथेत पाहिली की पुढच्या पानांची धास्ती वाटते. मध्य इटलीतली ही टस्कनी एक नाही. सिएनाच्या दक्षिणेकडील व्हाल दोर्चा हा चिकणमातीच्या उघड्या टेकड्यांचा भाग आहे, २००४ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांत जी टस्कनी दिसते ती बहुतेक वेळा हीच असते. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला किआंती मात्र झाडीचा, द्राक्षमळ्यांचा आणि ओकच्या रानांचा आहे. तिथे दूरवरचे दिसत नाही, वळणावळणाला दृश्य बंद होते, आणि ज्या कथेत पात्रांना एकमेकांपासून काही लपवायचे आहे तिला तो अधिक मानवतो. मुजेल्लोच्या पलीकडे मार्रादीकडे गेले की चेस्टनटची राने लागतात. तिथे पूर्वी चेस्टनट मंद धुरावर कित्येक आठवडे वाळवत असत, आणि त्यासाठी बांधलेल्या लहान दगडी खोल्या अजून उभ्या आहेत.

टस्कनीचा आग्रह सोडला तर निवड आणखी मोकळी होते. वायव्येकडील पिएमोन्तेमधल्या लांगे टेकड्या, ज्या २०१४ मध्ये वारसा यादीत आल्या, शरद ऋतूत धुक्यात बुडतात. नेब्बिओलो जातीची द्राक्षे तिथे उशिरा, बहुधा ऑक्टोबरात उतरतात, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पांढऱ्या ट्रफल या खाद्य बुरशीच्या शोधात माणसे कुत्रा घेऊन रात्रीची रानात हिंडतात. रात्री झोप न येणाऱ्या लेखकाला रस्त्यात भेटण्यासाठी याहून चांगली माणसे मिळणार नाहीत. दक्षिणेत पुलियाच्या सालेंतो भागात २०१३ मध्ये झायलेला या जिवाणूचा प्रादुर्भाव आढळला आणि त्यानंतर लाखो ऑलिव्हची झाडे वाळून गेली, त्यांत शतकानुशतके उभी असलेली झाडेही होती. राखाडी, निष्पर्ण बागांच्या मधोमध घडणारी प्रेमकथा अद्याप फारशी कोणी लिहिलेली नाही, आणि तिथे देखावा पटकथाकाराला गाफील ठेवू शकत नाही, हा तिचा मोठाच फायदा.

महिन्याची निवड ही रंगांची निवड नसून कामांची निवड आहे. व्हाल दोर्चामध्ये एप्रिल-मे महिन्यांत गहू हिरवा असतो आणि बांधावर खसखशीची तांबडी फुले येतात, जूनमध्ये तो पिवळा पडतो, जूनअखेरीपासून जुलैपर्यंत कापणी होते, आणि ऑगस्टमध्ये त्याच टेकड्या नांगरलेल्या ढेकळांनी करड्या आणि भकास दिसू लागतात. काजवे जूनमध्ये. सिकाडा हे झाडांवर ओरडणारे किडे जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसभर आणि कर्कश. द्राक्षांची काढणी बहुतांश सप्टेंबरात सुरू होते, ऑलिव्हची ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालते. इटलीत पंधरा ऑगस्टला येणाऱ्या फेर्रागोस्तो या सुटीच्या आसपास दुकाने, कचेऱ्या आणि कारागीर हाती लागत नाहीत, त्यामुळे पाण्याचा पंप बिघडवायचा असेल तर तो त्याच आठवड्यात बिघडवावा. ऑगस्टच्या दुपारी प्रेम जुळवणाऱ्या पटकथा पुष्कळ आहेत. मी नोव्हेंबर सुचवेन: भिंती थंड, एकाच खोलीत चूल, पाच वाजण्याआधीच काळोख, आणि बाहेर ऑलिव्हचे काम असल्यामुळे सकाळी कोणालाही खोलीत बसून लिहिण्याचा बहाणा करता येत नाही.

घर कोणाचे आणि जमीन कोणाची

मध्य इटलीतल्या ज्या दगडी शेतघरांत अशा कथा घडतात, त्यांतली बहुतेक घरे अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबांची होती. जमीनमालकाची जमीन, कुटुंबाचे श्रम आणि उत्पन्नाचे दोन वाटे, अशी ही पद्धत कित्येक शतके चालली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी आली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारांत बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. पण त्याआधीच, १९५० आणि १९६० च्या दशकांत, कुटुंबेच्या कुटुंबे घरांना कुलूप लावून कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली होती. रिकाम्या पडलेल्या या घरांपैकी बरीच पुढे परदेशी लोकांनी आणि शहरी इटालियनांनी विकत घेतली. काही जमिनींवर सार्डिनियाहून आलेल्या मेंढपाळांनी मेंढ्या आणल्या, आणि पिएन्झाच्या परिसरातील मेंढीच्या दुधाच्या चीजमागे त्यांचाही हात आहे.

हा इतिहास पटकथेत भाषण म्हणून येऊ नये. तो घराच्या रचनेतून येऊ शकतो. तळमजल्यावर बैलांचा गोठा आणि वर माणसे, म्हणजे जनावरांची ऊब हिवाळ्यात वर येई, अशी या घरांची ठेवण असते आणि वर जाण्याचा जिना बाहेरून असतो. आज त्याच गोठ्यात लेखकाचे टेबल मांडलेले असते, समोर मोठी काच असते, आणि भिंतीत दावणीच्या लोखंडी कड्या अजून तशाच असतात. पात्राने आपली पिशवी किंवा दिव्याची वायर त्या कडीला अडकवली आणि त्या घरात लहानपण गेलेल्या एखाद्या वृद्ध शेजाऱ्याने ते पाहिले, तर वर्गभेदावर एक शब्दही लिहावा लागत नाही. गावकऱ्यांना केवळ हसतमुख, शहाणपणाचे दोन शब्द सांगणारे म्हणून उभे करण्याची सवय या चित्रप्रकाराला जडली आहे. त्यांतल्या प्रत्येकाला काहीतरी हवे असावे, निदान थकलेले भाडे तरी. आणि आजची कथा असेल तर शेतात राबणारी माणसे सगळी त्याच गावची नसतात हेही विसरू नये. फोंदी ज्या लातिना जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या पोन्तिना मैदानात पंजाबहून आलेले हजारो शीख मजूर भाजीपाल्याच्या शेतांवर काम करतात.

लेखक तिथे का आले, याचे उत्तर काळानुसार बदलते. युद्धकाळात तो आसरा असतो, १९७० च्या दशकात स्वस्त मिळालेले पडके घर असते, आणि आज बहुधा निवासवृत्ती असते. ऊम्ब्रियातील उंबेर्तिदेजवळच्या चिवितेल्ला रानिएरी या पंधराव्या शतकातील गढीत १९९५ पासून लेखक, संगीतकार आणि चित्रकार यांना काही आठवड्यांसाठी बोलावले जाते. अशा ठिकाणी मुदत ठरलेली असते, जेवण एकत्र असते आणि शेजारच्या खोलीतली व्यक्ती आपण निवडलेली नसते. पटकथाकाराला आयती मिळणारी ही मुदत अमूल्य आहे. शेतावर पाहुणे ठेवण्याचा व्यवसायही सोयीचा आहे, पण १९८५ च्या कायद्यापासून तो प्रत्यक्ष शेती करणाऱ्यालाच करता येतो, तेव्हा अशा घराच्या मालकिणीला दिवसभर ओसरीवर वाइन पिताना दाखवू नये.

एक प्रसंग जवळून

वरील सूचना एकत्र आणल्यावर काय होते ते पाहण्यासाठी एक प्रसंग रचून पाहू. नोव्हेंबरचा महिना. लूचा कविता लिहिते आणि वडिलांनी मागे ठेवलेली साठ-सत्तर ऑलिव्हची झाडे सांभाळते. पिएत्रो कादंबरीकार आहे आणि तिच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. दिवसभर दोघांनी झाडाखाली जाळी अंथरून हातातल्या लहान दात्यांनी फांद्या विंचरल्या आहेत, पाने निवडून काढली आहेत, पेट्या भरल्या आहेत. तोडलेली फळे फार वेळ ठेवली तर तेल बिघडते, म्हणून रात्रीच घाण्यावर जावे लागते, आणि घाण्यावर रांग आहे.

इथे कामाची प्रक्रियाच प्रसंगाला वेळ आखून देते. फळे वजन करून धुतली जातात, पाने उडवली जातात, मग ती बियांसकट भरडली जातात. तयार झालेला लगदा सत्तावीस अंशांच्या आत ठेवून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत हळूहळू घोटला जातो आणि नंतर यंत्रात फिरवून तेल वेगळे होते. घोटण्याच्या त्या वेळात कोणालाच काही करायचे नसते. नळीच्या दिव्याखाली, यंत्रांच्या घरघरीत, एका बाकावर बसून पिएत्रो आपल्या कोटातून घडी घातलेली पाने काढतो आणि लूचाच्या हातात देतो. आजवर त्याने तिला काही दाखवलेले नाही, त्यामुळे ही भेटच आहे, आणि तो ती तशाच संकोचाने देतो.

ती वाचते. तिसऱ्या पानावर एक म्हातारा शेतकरी दरवर्षीच्या पेट्यांचे वजन गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो आणि ज्या वर्षी मुलगी घर सोडून गेली त्या वर्षाची जागा कोरी सोडतो. ते दार तिच्या घरचे आहे आणि ती कोरी जागा तिची आहे. तिने हे एकदाच, एका रात्री, फक्त त्याला सांगितले होते. पटकथेत हे पूर्वी येऊन गेलेले असावे, पण केवळ ओझरते, म्हणजे प्रेक्षकालाही ते तिच्याबरोबरच आठवेल. ती काही बोलत नाही. घाणेवाला तिचे आडनाव पुकारतो आणि वजन सांगतो, तीन क्विंटल बारा. तिच्याजवळ लिहायला कागद नाही. ती तेच पान उलटे करते, गुडघ्यावर ठेवते आणि पिएत्रोच्या खिशातली पेन्सिल काढून कोऱ्या बाजूवर ३१२ लिहिते. मग शंभर किलोंमागे बारा-तेरा किलो तेल उतरेल असा हिशेब त्याखाली मांडते आणि पान घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवते.

या प्रसंगात पिएत्रोला काय कळले, हे लगेच ठरवू नये. दुसऱ्या खर्ड्यापर्यंत दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात: त्याला कळले आहे आणि तो वाट पाहत आहे, किंवा पान परत मिळाले नाही एवढीच त्याची चिंता आहे. कलाकारांशी चर्चा होईपर्यंत मी स्वतः दुसऱ्या शक्यतेकडे झुकेन, कारण ती अधिक वाईट आहे. नवे तेल बाहेर येते तेव्हा ते गढूळ हिरवे असते आणि घशाला झोंबते; भाजलेल्या पावावर ते घालून तिथेच चाखतात. त्या घासानंतर दोघांना खोकला येतो, दोघे हसतात, आणि प्रेक्षकाला मात्र तिच्या खिशातले पान ठाऊक असते. पुढची वीस मिनिटे चित्रपट त्या पानावर चालू शकतो.

बोलणे आणि ऐकू येणे

चित्रपट कोणत्या भाषेत बोलतो हे आरंभी ठरवावे. पात्रांपैकी एक परदेशी असेल तर भाषेचा असमतोल कथेत खेळवावा: जो घरच्या भाषेत बोलतो तो विनोद करतो, आणि परक्या भाषेत बोलणारा गंभीर वाटतो, मुळात तो तसा नसला तरी. इटालियनमध्ये आपल्यासारखेच आदराचे आणि जवळिकीचे संबोधन वेगळे आहे. पहिले एकेरी संबोधन कोणाच्या तोंडून आणि कोणत्या क्षणी येते, याची जागा पटकथेत खूण करून ठेवावी, कारण पहिल्या स्पर्शाआधीचा तो टप्पा आहे आणि उपशीर्षकांत तो हरवण्याची भीती असते.

निवेदनाचा आवाज शक्यतो टाळावा. लेखक पात्र असल्यामुळे त्याचा मोह फार होतो, आणि एकदा निवेदन आले की प्रसंगांनी काम करणे सोडलेच म्हणून समजावे. अपवाद एकच: निवेदनात एक जण जे सांगतो ते पडद्यावरच्या घटनेशी जुळत नसेल, म्हणजे तो घडलेले लिहिताना बदलत असेल, तर ते निवेदन न राहता कृती होते.

त्याऐवजी आवाजावर भर द्यावा. कथा १९५० नंतरची असेल तर इव्रेआच्या ऑलिव्हेत्ती कारखान्यातला लेत्तेरा २२ हा टाइपरायटर वापरावा. १९५० मध्ये आलेला, मार्चेल्लो नित्सोली यांनी घडवलेला हा यंत्रप्रकार चार किलोंहून हलका होता आणि पत्रकार-लेखक तो हातात घेऊन फिरत. शेजारच्या खोलीतून येणारा त्याचा ठोका हे उत्तम साधन आहे. तो सुरू झाला की ऐकणारीचा चेहरा कसा होतो, तो थांबला की ती स्वतः लिहायची का थांबते, आणि एके सकाळी तो पहाटेपासून अखंड चालू असेल तर तिला कशाची शंका येते, एवढ्यावर संवादाशिवाय तीन प्रसंग होतात. संगणकाच्या काळात हा आवाज नाही. तिथे खालच्या खोलीतला दिवा, जिन्यावरची पावले आणि एकाच फोनवरून मिळणारे इंटरनेट यांवर भागवावे लागते.

शेवट

विरह किंवा मीलन या दोन टोकांमध्ये शेवट शोधत बसू नये. कथा मजकुरापासून सुरू झाली असेल तर निर्णयही मजकुराबद्दलच असावा, आणि तो घेण्याची तारीख असावी. प्रकाशकाकडून प्रुफे येतात आणि ती ठरावीक दिवसापर्यंत परत जावी लागतात. वरील उदाहरणात दाराचा तो परिच्छेद पिएत्रो काढतो की ठेवतो, हा प्रश्न त्या तारखेला सुटतो. त्याने तो काढला आणि लूचाला पुस्तक त्यामुळे दुबळे झालेले दिसले, तर ती काय करेल? तिने तो परत घालायला सांगितले, तर ते क्षमा म्हणून की संपादक म्हणून? मला हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर तिलाही नीट ठाऊक नसणार.

शेवटाचा खर्डा झाला की पटकथेतली सर्व निसर्गवर्णने एका प्रतीतून काढून टाकावीत आणि उरलेले वाचावे. कथा समजत असेल तर वर्णने निवडून परत घालावीत, आणि ती परत घालताना प्रत्येक ठिकाणी कोण काय करत आहे तेही लिहावे.

चित्रीकरण डोळ्यांपुढे ठेवून

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हे गणित इथेही लागू आहे, पण मुके प्रसंग कागदावर लहान आणि पडद्यावर लांब होतात, म्हणून नव्वद पानांच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. जूनच्या अखेरीस मध्य इटलीत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही अर्धा तास उजेड रेंगाळतो, तेव्हा उन्हाळ्यातले “रात्रीचे जेवण” संधिप्रकाशातच लिहावे. पूर्ण काळोख हवा असेल तर सगळ्या चमूला मध्यरात्रीपर्यंत जागवावे लागेल. डिसेंबरमध्ये उलट स्थिती असते आणि पावणेपाचच्या आधीच दिवस संपतो. टेकडीवरची घरे खडीच्या पांढऱ्या रस्त्यांच्या टोकाला असतात आणि जुन्या गावांच्या वेशी अरुंद असतात, त्यामुळे जनरेटरची मोठी गाडी जिथे पोचणार नाही तिथे पंचवीस माणसांची मेजवानी लिहू नये. बहुतेक प्रांतांत चित्रीकरणासाठी स्थानिक चित्रपट मंडळे आहेत, आणि परवानग्या व स्थळे यांबाबत त्यांच्याशी पटकथा पक्की होण्याआधीच बोलून घेतलेले बरे.

ध्वनिमुद्रणाचा विचारही लिहितानाच करावा लागतो. जुलै-ऑगस्टमधल्या बाहेरच्या संवादांत सिकाडांचा आवाज येणारच, तो नंतर पुसता येत नाही, म्हणून कुजबुजीचे प्रसंग घरात घ्यावेत. शरद ऋतूत शिकारीच्या बंदुकांचे बार ऐकू येतात: शिकारीचा मोसम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होऊन ३१ जानेवारीला संपतो, पण १९९२ च्या राष्ट्रीय कायद्यानुसार मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार पूर्ण बंद असते. नोव्हेंबरची कथा निवडली असेल तर ऑलिव्हच्या झाडांखालचे सगळे संवाद या दोन वारांना लावावेत, आणि गोठ्याच्या जाड भिंतींमागे घडणारे प्रसंग उरलेल्या दिवसांना द्यावेत.